फरशी वाळायला लागणारा वेळ

सर नेहमी सगळ्यात लांब रांगेत उभे राहायचे.

हायपरमार्केटमध्ये पाच काउंटर मोकळे असले तरी हा माणूस ट्रॉली ढकलत जाणार आणि जिथे बारा गिऱ्हाइकं तटलेली आहेत तिथे तेरावा उभा राहणार. गळ्यात काळ्या दोरीत अडकवलेलं स्टॉपवॉच, हातात खिशात मावेल एवढी वही, आणि ट्रॉलीत बहुतेक वेळा दह्याचा एक डबा. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तिकडे रिकामं आहे की."

"रिकाम्या काउंटरवर मी काय शिकू?" सर म्हणाले. "तिथं कोणी थांबून राह्यलं आहे का?"

कोण थांबून राह्यलं? हा त्यांचा प्रश्न. सर मूळचे नागपूरकडचे. ओमानात वीसेक वर्षं काढली, आधी एका पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात आणि मग आमच्या कॉलेजात, पण बोली तसूभर हलली नाही. दवाखान्यात, सिग्नलला, मच्छीबाजारात, कुठेही गेले की आधी मान वळवून बघायचे आणि पुटपुटायचे, "कोण थांबून राह्यलं बाप्पा इथं?"

आधीच सांगून टाकते, गोड आठवणी लिहिणाऱ्यांतली मी नाही. जुन्या शिक्षकांबद्दल लोक जे हळवं हळवं लिहितात ते वाचून माझं डोकं उठतं. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. पण या माणसावर पत्रक निघत नाही. प्रयत्न करून पाहिला.

मी मस्कतजवळच्या सीबची. तिथल्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, अब्बांचं ओमानी टोप्यांचं दुकान आहे, मूळ गाव रत्नागिरीजवळ. शाळा संपल्यावर अब्बांनी मला पुण्याला पाठवलं. तिथे मी अभ्यास कमी आणि पत्रकं जास्त केली. मेसच्या जेवणावर, मुलींच्या हॉस्टेलला संध्याकाळीच लागणाऱ्या कुलपावर, सफाई कामगारांना न मिळालेल्या हातमोज्यांवर. एका धरण्यात माझा फोटो पेपरात छापून आला आणि तो सूकमध्ये कुणीतरी आपल्या फोनवर अब्बांना कौतुकाने दाखवला. आठवड्याभरात मी परत सीबमध्ये. अब्बा एवढंच म्हणाले, "तिकडं ओरडलीस तेवढं पुरे गो. इथं आपण पाहुणे आहोत." आणि माझं नाव मस्कतच्या एका खासगी कॉलेजात व्यवस्थापनाच्या पदवीला घातलं. व्यवस्थापन! मला! म्हणजे ज्यांच्याविरुद्ध घसा फोडला त्यांच्याच शाळेत भरती.

अशा तळतळाटात मी ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पहिल्या तासाला जाऊन बसले. हा विषय पोरांना आवडत नाही. मार्केटिंगला झगमगाट आहे, फायनान्सला दरारा आहे. या विषयात काय, तर कारखाना, गोदाम, बस, कॅन्टीन यांतलं रोजचं काम वेळेवर कसं पार पडतं ते शिकायचं. आम्ही चौतीस जण होतो. बहुतेक ओमानी पोरंपोरी, बाकी आम्ही चारदोन भारतीय. सर आले. प्रोजेक्टर लागेना. त्यांनी त्याला चापट मारली आणि म्हणाले, "काहून बे?" वर्गात एकटी मीच हसले. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांना कळलं.

मग अरबी-इंग्रजी मिसळून म्हणाले, "यल्ला, चला, सगळे बाहेर."

तळमजल्यावर लिफ्टसमोर त्यांनी आम्हाला भिंतीला टेकवून उभं केलं. बोलायचं नाही. वीस मिनिटं फक्त बघायचं, कोण थांबलंय. लिफ्ट येत होती, जात होती, लोक घुसत होते, आमच्यातलेही काही जण मध्येच वर जाऊन बॅगा ठेवून आले. वीस मिनिटांनी वर्गात परत. एकाने सांगितलं, सरासरी दीड मिनिट थांबावं लागतं. एक म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरच्यांचे सगळ्यात हाल. मी अर्थातच उभी राहिले आणि म्हणाले, "विद्यार्थी थांबतात, कारण प्राध्यापक मध्ये घुसतात."

"बरोबर," म्हणत सरांनी ते वहीत लिहून घेतलं. "अजून कोण?"

अजून कोणीच नाही.

"एक बाई होती," सर म्हणाले. "निळा गणवेश. हातात बादली आणि पोछा. लिफ्ट सात वेळा उघडली, सातही वेळा ती मागं सरकली, कारण आत तुम्ही लोक शिरलात. आठव्या वेळी तिनं नाद सोडला आणि जिन्यानं गेली. भरलेली बादली घेऊन, चार मजले." स्टॉपवॉच त्यांनी टेबलावर ठेवलं. "तुम्ही चौतीस जण. अडुसष्ट डोळे. एकालाही ती दिसली नाही. हा विषय इथून सुरू होतो."

मला असा संताप आला! त्यांचा नाही, माझाच. सफाई कामगारांवर पुण्यात चार पत्रकं लिहिलेली मी, आणि सात वेळा ती बाई माझ्या नाकासमोरून मागे सरकली.

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "कुठली तू?"

"रत्नागिरी. म्हणजे सीब."

"आधी काय करत होती?"

"पत्रकं लिहीत होते."

"अरे बाप्पा," सर म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रकवाली' पडलं. परीक्षेच्या हजेरीतसुद्धा एकदा त्यांनी तेच लिहून ठेवलं आणि ऑफिसने मला गैरहजर धरलं.

सरांच्या तऱ्हा किती सांगू. डबा अकरा मिनिटांत संपायचा. पोळी, भाजी, भात, दही हा क्रम कधी मोडला नाही. गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायची, कारण "येताना वेळ असतो, जाताना नसतो." कुणाच्या घरी गेले तर चहा कसा होतो ते बघायला थेट स्वयंपाकघरात. अब्बांच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा टोप्या बाजूला राहिल्या, अब्बा एका गिऱ्हाइकामागे किती वेळा शिडी चढतात ते मोजत बसले. जाताना म्हणाले, "मोठ्या मापाच्या टोप्या खाली ठेवा, गुडघे वाचतील." अब्बांनी ठेवल्या. गुडघे वाचले. त्यानंतर अब्बांच्या लेखी सर म्हणजे पीर.

आणि घर! सीबमध्येच दोन खोल्यांचा फ्लॅट. स्वयंपाकघरात ओट्यावर, फळीवर, कपाटात, जिथे जो डबा ठेवायचा तिथे काळ्या मार्करने त्याची बाह्यरेषा काढलेली. मिठाचा गोल, तेलाचा चौकोन, तव्याचं मोठं वर्तुळ भिंतीवर. बाहेरच्या खोलीतल्या बुद्धाच्या पितळी मूर्तीभोवती तेवढी रेष नव्हती. मी गेले की काकू मला आत ओढायच्या. "बघ माय. बत्तीस वर्षं झाली लग्नाला. माह्या पोह्याला वेळ लावून राह्यले हे. दुसऱ्या बायकांचे नवरे फुलं आणतात, ह्यांनी मार्कर आणला." आणि मग सरांना ऐकू जाईल अशा आवाजात, "एकदा तरी विचारलं का, तुले मीठ कुठं पाह्यजे म्हणून?"

"गॅसपासून सगळ्यात जवळ," सर बाहेरून ओरडायचे. "मोजलं आहे मी."

काकू मीठ मुद्दाम तेलाच्या चौकोनात ठेवायच्या.

मी त्यांच्याशी भांडायची, हे वेगळं सांगायला नको. वर्गात, कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये. "सर, तुमचं शास्त्र मालकांचं शास्त्र आहे. माणसाचं यंत्र करून त्याचा घाम मोजायचा."

"स्टॉपवॉच मालकाच्या गळ्यात असलं तर तसंच," ते शांतपणे म्हणायचे. "सध्या कोणाच्या गळ्यात आहे?"

मी पाय आपटत निघून जायची.

त्याच सत्रात एका दुपारी अडीचला मी मागच्या जिन्याने उतरत होते. तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर निळ्या गणवेशातले सात जण बसलेले. बादलीवाली बाईही त्यांत. तासाभराने परत आले तरी तिथेच. चौकशी केली. ड्यूटी सकाळी सहा ते दोन. कंत्राटदाराची बस येते चारला. म्हणजे काम संपल्यावर दोन तास जिन्यात बसून राहायचं, रोज, कुणाच्यातरी सोयीसाठी! मी लायब्ररीत जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. शीर्षक: 'दोन तासांची चोरी'. इंग्रजी तपासून घ्यायला सरांकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी ते लाल होऊन परत आलं. खाली शेरा: विशेषणं एकवीस. आकडे शून्य. नावं शून्य. नापास.

"सर, हा पेपर नाही, पत्रक आहे!"

"मग तर जास्त बारीक तपासलं पाहिजे. पेपर फेल झाला तर तू फेल होते. पत्रक फेल झालं तर कोण फेल होते?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि हे लावणार कुठं? इथल्या भिंतीवर?" त्यांनी चष्मा काढला. "अब्बाचा व्हिसा कोणाच्या हातात आहे?"

अब्बांच्या दुकानाचा अर्बाब, म्हणजे कागदोपत्री मालक, ओमानी. भला माणूस. पण त्याला एक फोन गेला असता तर तो किती भला राहिला असता, हे मला माहीत नव्हतं.

"तीन आठवडे दे," सर म्हणाले. "मोजू."

आणि मोजलं. आख्ख्या वर्गाला त्यांनी हाच प्रकल्प दिला. आम्ही पाळ्या लावून वह्या घेऊन बसलो. सातही जणांची नावं, गावं, किती वर्षं इथे, काम कधी संपतं, बस कधी येते. बादलीवालीचं नाव शेफाली. बांगलादेशातली, कुमिल्लाकडची. आमच्यातल्या दोघांनी तर बसचा पाठलाग केला. बस आधी दुसऱ्या एका इमारतीत जायची, तिथली माणसं मोकळी होईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभी राहायची आणि मग आमच्याकडे यायची. फेरी उलटी फिरवली तर आमच्याकडे दोनला येऊ शकते, आणि तिकडे कुणाचंही अडत नाही. एका पानाचा अहवाल झाला. एकही विशेषण नाही. पायऱ्यांवरच्या दोन तासांच्या रकान्यात सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: निष्क्रिय वेळ.

कॉलेजने तो कागद कंत्राटदाराला पाठवला. आठ दिवसांत बस दोन वाजून पाच मिनिटांनी दारात. घोषणा नाही, धरणं नाही, कुणाच्या व्हिसाला धक्का नाही! सरांनी वर्गाला ताकाच्या बाटल्या वाटल्या, अर्थात रांगेत, वेळ लावून. मी त्या दिवशी आनंदाने रडले. लिहायला लाज वाटत नाही.

तीन आठवड्यांनी मी शेफालीसाठी लिफ्ट धरून उभी होते. आता मी रोज धरायची.

"शेफाली, अब बस टाइम पे आती है ना?"

"आती है मॅडम."

"घर जल्दी पहुँचते होंगे."

"घर नहीं मॅडम. शोरूम."

मला कळेना. तिने बादली खाली ठेवली आणि सावकाश सांगितलं. दोन वाजता सात माणसं मोकळी होतात हे आमच्या अहवालामुळे कंत्राटदाराच्या पहिल्यांदा लक्षात आलं. त्याने त्यांना एका फर्निचरच्या शोरूमवर लावलं. दोनला बस येते, अडीचपासून सहापर्यंत तिकडच्या फरशा.

"बोला, तुम लोग तो दो बजे खाली है. कागज पे लिखा है."

लिफ्टचं दार मिटायला लागलं. मी हात घातला, बादली आत सरकवली आणि आम्ही दोघी आत शिरलो.

"पहले सीढ़ी पे बैठती थी ना," शेफाली म्हणाली, "इधर दो बजे, उधर चार. बेटी स्कूल से आती. कॉलेज का वायफाय फ्री. दो घंटा फोन पे उसको पढ़ाती थी, हिसाब, अंग्रेजी. अभी रूम जाके खाना बनाके फोन करती, तो बेटी सो गया." तिने बादली उचलली. "गुस्सा नहीं मॅडम. आप लोग बहुत मेहनत किया. लेकिन आपको किसने बोला था, हमको जल्दी जाना है?"

चौथा मजला आला. ती उतरली.

आम्ही तिचं नाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, ड्यूटी विचारली होती. चौतीस जणांनी तीन आठवडे विचारलं होतं. तुम्ही इथे बसून काय करता, हे एकानेही विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे, कारण मला राग आला होता. सरांना वाटलं त्यांना माहीत आहे, कारण त्यांनी मोजलं होतं. माझ्या पत्रकाचं शीर्षक अगदी बरोबर होतं. दोन तासांची चोरी झालीच होती. फक्त चोर आम्ही होतो.

मी धावत सरांकडे गेले. ते डबा खात होते, भातापर्यंत आले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भात तसाच ठेवून डबा मिटला. असं कधी झालं नव्हतं.

"कोणती पायरी?"

"काय सर?"

"ती कोणत्या पायरीवर बसायची?"

मी दाखवली. सर त्या पायरीवर बसले. फोन काढून बघितला, वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. कॉम्प्युटरच्या मोठ्या यंत्रांची खोली तिथेच शेजारी, तिच्या दाराखालून गार हवा येत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि या पायरीवर पहाट असल्यासारखं वाटत होतं.

"आख्ख्या इमारतीतली सगळ्यात चांगली जागा," सर म्हणाले. "शोधून काढली होती त्यांनी. आणि मी काय लिहिलं? निष्क्रिय वेळ." ते तिथे किती वेळ बसले ते मी सांगू शकत नाही, कारण स्टॉपवॉच त्यांनी चालू केलं नव्हतं.

"सर, आता मी पत्रक लिहिते. आता आकडे आहेत, नावं आहेत."

"नावं लिहिशील? शेफालीचं?"

मी काढलेली वही परत मिटली.

"सात माणसं बदलायला कंत्राटदाराला एक फोन लागतो, पोरी. मग ती जिन्यात पण नाही अन् शोरूममध्ये पण नाही. मग ती विमानात."

पुढचा आठवडाभर सरांनी पुस्तकातून शिकवलं. खाली मान घालून, पान उलटत, दुसऱ्या कोणत्याही प्राध्यापकासारखं. तो आठवडा माझ्या शिक्षणातला सगळ्यात वाईट.

त्याच सुमारास कॉलेजची सरकारी तपासणी व्हायची होती. प्रत्येक कामाची लेखी पद्धत हवी, प्रत्येक पद्धतीची फाइल हवी. अशा फाइलींचा ढीग सरांवर पडायचा आणि उचलायला मी असायची. एका सकाळी आम्ही डीनच्या खोलीत गेलो. डीन ओमानी, इब्रीचे, मितभाषी माणूस. एकेक कागद बघून सही करत होते. 'इमारतीच्या स्वच्छतेचं वेळापत्रक' असा एक कागद आला आणि त्यांचा पेन थांबला.

मी उलटीकडून वाचलं. दुपारी दोन: तळमजल्याच्या व्हरांड्याची फरशी दुसऱ्यांदा पुसणे. त्यापुढे: फरशी वाळणे व अंतिम पाहणी, एकशे वीस मिनिटं. या काळात सर्व सफाई कर्मचाऱ्यांनी इमारतीत हजर राहणे आवश्यक.

आता, मस्कतच्या उन्हाळ्यात ओली फरशी किती वेळ ओली राहते? तुम्ही तिच्यावरून चालत पलीकडे जाईपर्यंत. आणि इब्री तर आत, वाळवंटाच्या तोंडावर. तिथे धुतलेला टॉवेल दोरीपर्यंत नेईस्तोवर कोरडा होतो. तिथला माणूस हा कागद वाचत होता.

"दोन तास?" डीन म्हणाले.

"समुद्राची हवा, सर," सर म्हणाले. "दमट असते."

आयुष्यभर ज्या माणसाने पोह्यांची वेळसुद्धा सेकंदात लिहिली तो माणूस घामाघूम होऊन खोटं बोलत होता आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. डीननी त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं, जिथे ऊन इतकं पांढरं होतं की डोळे दिपत होते.

"हो," ते म्हणाले. "समुद्राची हवा." आणि सही केली.

कॉलेजचाच लेखी नियम म्हटल्यावर कंत्राटदाराला माणसं चारपर्यंत ठेवणं भाग पडलं. शोरूमला त्याने दुसरी टोळी शोधली. पहिल्या दिवशी मी लांब उभी राहून बघितलं. दोन वाजता शेफालीने व्हरांडा पुसला. दोन वाजून दहा मिनिटांनी ती पायरीवर बसली. फोनमधून एका मुलीचा आवाज आला, "आम्मू!" आणि मग भरभर पाढे.

त्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेले तर स्वयंपाकघरातल्या काळ्या रेषा गायब. ओटा घासून घासून पांढरा केलेला. काकू ओट्यावरून बोट फिरवून दाखवत होत्या. "काय झालं काय माहीत माय. परवा कॉलेजातून आले अन् मले म्हणाले, तुले मीठ कुठं पाह्यजे?"

"मग कुठे ठेवलंत?"

"गॅसजवळच," काकू म्हणाल्या. "पण आता मी ठेवलं ना!"

हे सगळं आज लिहिते आहे कारण आता चालेल. शेफाली तिच्या मुलीकडे कायमची परत गेली. त्या टोळीतलं कुणीच आता तिथे नाही, कंत्राटदार बदलला, वेळापत्रकही बदललं म्हणे. सर साठ वर्षांचे झाले आणि करार संपवून काकूंना घेऊन नागपूरला गेले. फोन करतात. तिथल्या बँकेतल्या रांगेविषयी तक्रार नसते, कौतुकच असतं.

पण जाण्याआधीचा त्यांचा शेवटचा पहिला तास मी बघितला. तेव्हा मी पास होऊन एका गोदामात कामाला लागले होते. सरांनी बोलावलं, "नवी बॅच आहे, येऊन बस." दुपारी दोनचा तास. मी मागच्या बाकावर. लिफ्टचा खेळ आटोपून मुलं परत आली होती. प्रोजेक्टर, चमत्कार म्हणजे, चालू होता. सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं ते स्वच्छतेचं वेळापत्रक. तेच. एकशे वीस मिनिटं, डीनच्या सहीसकट.

चाळीस मुलं! त्यातल्या एकाने जरी ऑफिसात जाऊन विचारलं असतं तरी खलास. शेफाली त्या वेळी खाली पायरीवर बसलेली होती.

"यात एक चूक आहे," सर म्हणाले. "शोधा."

नंतर मी भांडले तेव्हा कळलं की तीन सत्रं ते हेच करत होते. "माझ्या हातचा एकच खोटा आकडा आहे," ते म्हणाले. "तो कोणी पकडलाच नाही तर मी शिकवलं काय?" तीन सत्रांत एकाही पोराने पकडला नव्हता.

सलालाहचा एक मुलगा म्हणाला, "सर, फरशी वाळायला दोन तास कमी आहेत. आमच्याकडे पावसाळी महिन्यांत दोन दिवस लागतात." वर्ग हसला. मीही हसले.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. शम्सा तिचं नाव, इब्रीची, असं नंतर कळलं. "सर, हे चूक आहे. इथे पाच मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ माणसं नुसती बसून असणार." ती फळ्याजवळ गेली, पडद्यावर बोट ठेवलं. "हे दोन तास वाचवता येतील. त्यांना दोनलाच घरी पाठवता येईल. त्यांच्यासाठीही चांगलं."

तिच्या आवाजात तो राग होता. मी ओळखला. माझाच होता.

सरांनी गळ्यातली काळी दोरी काढली आणि स्टॉपवॉच तिच्या हातात दिलं. त्यांच्या गळ्यात ते नसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. "मागच्या जिन्यानं खाली जा," ते म्हणाले. "फरशी बघ. मग पायऱ्यांवर कोणी असेल त्यांच्याशी बोल. काय वाट्टेल ते विचार. पण आधी विचार, मग मोज."

ती गेली. वर्गात चुळबुळ. सर खुर्चीवर बसून राहिले, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं. दहा. वीस. कुणीतरी विचारलं, सर, पुढे जायचं का? सरांनी मान हलवली, नाही.

दार उघडलं. शम्सा आत आली आणि थेट सरांच्या टेबलापाशी गेली. वर्गाकडे तिने बघितलं नाही. स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. काटे शून्यावर होते.

"बघितलीस फरशी?" सरांनी विचारलं.

"हो सर. ओली आहे अजून."

"किती वेळ लागेल?"

तिने पडद्यावरच्या त्या ओळीकडे एकदा बघितलं.

"चार वाजतील," शम्सा म्हणाली.